सव्वातीन फुटांचे ओंडके

हिता, १८ नोव्हेंबर १९६०

प्रिय किकुनो वहिनी,

तोडलेल्या झाडाला आपण मेलो हे कळायला किती दिवस लागतात? दादाचा हा प्रश्न तू पत्राच्या अगदी शेवटी, कोपऱ्यात लिहिलास. खरं सांगते, मला उत्तर येत नाही. चार वर्षं शेतकी कॉलेजात काढली, पण हे कुणी विचारलं नाही आणि कुणी शिकवलंही नाही. पुस्तकात एवढंच आहे, की झाड पाडल्यावर पानं फांद्यांवरच राहू द्यायची. पानं खोडातलं पाणी ओढून घेत राहतात, आणि चाळीस-पन्नास दिवसांनी लाकूड बी पेरण्याजोगं होतं. जिवंत लाकडात नाबाची अळंबी रुजत नाही, पार वाळलेल्यातही नाही. मधली एक वेळ असते. ती नेमकी कधी सुरू होते, हे झाडालाच ठाऊक. दादाला सांग, पदवीधर बहिणीला न आलेला हा पहिला प्रश्न. तो खूश होईल.

वहिनी, तुझं पत्र मी शेतकी कचेरीत तीनदा वाचलं. दादा यंदा बोगद्यात जाणार नाही. मी शाळेत जायला लागल्यापासून कापणी झाली की तो टोळीबरोबर डोंगर फोडायला निघायचा आणि लावणीच्या तोंडाला परत यायचा. हिवाळ्यातला दादा मला आठवतच नाही. नोकरी लागली त्या दिवशी मी ठरवलं होतं, की पहिलं काम हेच. चार खाचरांच्या शेताला असं काहीतरी जोडून द्यायचं, की घरच्या माणसाला हिवाळ्यात घर सोडावं लागणार नाही. आपल्यामागच्या टेकडीवर बाबांनी लावलेली कुनुगीची झाडं आता मांडीएवढी झाली आहेत. नाबासाठी त्याहून चांगलं लाकूड नाही, आणि ओंडके उघड्यावर, झाडांच्या सावलीतच ठेवायचे असतात. ना खोली बांधायची, ना शेत अडवायचं.

मला वाटलं होतं, दादाला पटवायला वर्ष जाईल. तू लिहितेस, तो आपणहून म्हणाला, "यंदा मी जात नाही, सुमिए सांगते ते करू." इतक्या लवकर माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

दहातली सात पानं पिवळी झाली की झाडं पाडायची. त्याआधी नाही, सगळी गळून गेल्यावरही नाही. पहिला नाबा यायला मात्र दोन पावसाळे जातील. १९६३ च्या वसंतात येईल. तोवर दादा अधूनमधून "एवढा एकच हिवाळा जाऊन येतो" म्हणेल. जाऊ देऊ नकोस.

तुझी,
सुमिए

ता. क. इथे कचेरीत मी 'नाबा' म्हटलं की सगळे हसतात. इथे शिताके म्हणतात. मी मुद्दाम नाबाच म्हणते.

•

कुवाबारु, १० जानेवारी १९६१

प्रिय सुमिए,

झाडं पाडून झाली. पानं वाळून तांबडी झाली आहेत, अजून फांद्या सोडत नाहीत. आता ओंडके पाडायला घेतले.

तुझा दादा साहेब झालाय. गोणपाट टाकून बुंध्यावर बसतो आणि काठीने दाखवतो, इथे काप, तिथे काप, हा गाठीचा भाग सोड. मी म्हटलं, एक शिट्टी घेऊन ये, स्टेशनमास्तर शोभशील. तर म्हणतो, "स्टेशनमास्तरला बायको हमाल म्हणून मिळत नाही, मला मिळाली." काल शेजारची म्हातारी वाटेवरून ओरडली, "किकुनो, नवरा घरात ठेवलास तर कामाला तरी लाव." तो तिच्याकडे बघून हात हलवतो. लाज म्हणून नाही.

एक विचारायचं होतं. तुझ्या पत्रकात ओंडका सव्वातीन फुटांचा सांगितलाय. अडीच फुटांचे केले तर चालतील का? टेकडीचा उतार तुला माहीत आहे. लांब ओंडका खांद्यावर घेऊन वळणावर वळायला येत नाही, मागचं टोक झाडांना अडतं. हे तुझा दादा विचारत नाही, मी विचारते आहे. तो म्हणतो, तिला काही विचारू नकोस, ती सांगेल तसं कर.

मुळ्याचं लोणचं पाठवलंय. डबा परत पाठव, मागच्या वेळचाही.

किकुनो

•

हिता, १९ जानेवारी १९६१

प्रिय वहिनी,

अडीच फूट चालणार नाही. रागावू नकोस, कारण सांगते. ओंडक्यातलं पाणी दोन्ही कापलेल्या टोकांतून जातं. ओंडका आखूड झाला की टोकं जवळ येतात, मधला भाग पहिल्याच उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि बी मरतं. दोन वर्षांची मेहनत वाया जाईल. आमच्या पत्रकात ही ओळ ठळक छापली आहे आणि ती छापून घेण्यासाठी मीच साहेबांशी भांडले होते.

आणि हे दादाला वाचून दाखव. सिमेंटची दोन-दोन पोती पाठीवर घेणारा माणूस सव्वातीन फुटांच्या ओंडक्याला घाबरला आणि बायकोच्या नावावर प्रश्न विचारतो. माझं लग्न ठरेपर्यंत तरी ही गोष्ट गावाबाहेर जाऊ देऊ नका. बुंध्यावर बसून काठी फिरवणं पुरे. ऊठ म्हणावं.

डबे दोन्ही पाठवले. एकात इथली नदीतली सुकी मासळी आहे.

सुमिए

•

कुवाबारु, २५ मार्च १९६१

प्रिय सुमिए,

सगळे सव्वातीन फुटांचेच केले. तीनशे ऐंशी झाले.

तुझं पत्र वाचून दाखवलं. पोत्यांचं आलं तेव्हा तुझा दादा इतका हसला, की ठसका लागला. म्हणाला, "बरोबर बोलली. अशीच बोलू दे तिला."

गिरमिटाने भोकं मी पाडली. खुंट्या मात्र सगळ्या त्याने ठोकल्या. तू पाठवलेल्या त्या बी भरलेल्या लाकडी खुंट्या करंगळीच्या पेराएवढ्या. ओंडका दोन पायांत धरायचा, खुंटी ठेवायची आणि लाकडी हातोडीचे दोन ठोके. तिसरा ठोका लागला तर तो खुंटी उपटून भोक साफ करायचा आणि परत ठोकायचा. सोळा दिवस बसला होता. एकही खुंटी वर आलेली नाही, हात फिरवून बघितलं तर साल कुठे संपली आणि खुंटी कुठे लागली कळत नाही. असं नाजूक काम त्याने आधी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

ओंडके टेकडीच्या पोटाला रचले, वरून फांद्यांची सावली घातली.

लाकडाच्या भुशाने माणसाच्या छातीला काही होतं का? सहज विचारते.

किकुनो

•

हिता, २२ ऑगस्ट १९६२

प्रिय वहिनी,

दीड वर्षात पहिल्यांदा चार दिवस रजा मिळाली आणि पितरांच्या सणाला घरी आले, तर नेमका दादा घरी नाही. नववर्षाला यायचं तर तू कळवलंस, बर्फाने बस बंद आहे, येऊ नकोस. आता आले तर तो तुझ्या मामांकडे छप्पर शाकारायला गेलेला. सणाच्या दिवसांत कोण छप्पर शाकारतं? मी दोन दिवस ओट्यावर बसून वाट पाहिली. तू एवढ्यांदा "तो यायचा नाही गं, जा तू" म्हणालीस, की मला वाटलं मीच नकोशी झाले. तसं नाही ना?

तुझ्या उजव्या खांद्यावर तो काळा घट्टा कसला? तू म्हणालीस पाण्याच्या कावडीचा. पाणी तर आता नळाने येतं.

असो. ओंडके पाहून मात्र सगळं विसरले. कापलेल्या टोकांवर पांढरी जाळी फुलासारखी उमटली आहे. म्हणजे बी आरपार पोचलं. वहिनी, आपल्या जिल्ह्यात नवशिक्यांचे निम्मे ओंडके वाया जातात. आपले तीनशे ऐंशीतले दहासुद्धा गेलेले नाहीत. तू विचारलंस तेव्हा भुशासाठी मी कापडी मुखपट्ट्या पाठवल्या होत्या, त्या कोनाड्यात तशाच दिसल्या. पुढच्या वेळी वापरा.

एक सांगायचं आहे. छोट्या शेतांच्या जोडधंद्यावर निबंधांची स्पर्धा आहे. मी आपल्या घरावर लिहिलं. नाव दिलंय 'दादा यंदा बोगद्यात गेला नाही'. प्रत सोबत आहे, दादाला दे. सोबत त्याचा ओंडक्यांजवळ उभा असलेला एक फोटो हवा आहे. आमच्या भागातल्या किती घरांतली माणसं अजून टोळ्यांबरोबर जातात. त्यांनी हा वाचला तर काही जण तरी थांबतील.

सुमिए

•

कुवाबारु, ५ ऑक्टोबर १९६२

सुमिए,

निबंध वाचला. दोनदा वाचला. पहिल्यांदा तुझ्यासाठी आणि दुसऱ्यांदा त्यातला दादा कोण ते बघायला. चांगला माणूस दिसतो.

फोटोचं राहू दे. मी बारीक झालोय, लोक म्हणतील नाबा खाऊन माणूस असा होतो आणि तुझा धंदा बसेल. ओंडक्यांचा काढ, ते माझ्यापेक्षा देखणे आहेत.

एक दुरुस्ती कर. 'दादाने ओंडके वाहून नेले' असं लिहिलं आहेस, तिथे 'दादा आणि वहिनीने' कर. नको, नुसतं 'वहिनीने' कर. वाचणारे हसले तर हसू देत.

तू आलीस तेव्हा भेटलो नाही, मनात ठेवू नकोस. तुझा आवाज लहानपणी होता तसाच आहे म्हणे, वहिनी सांगत होती. ओट्यावर बसून तू तिला नाबाचं सांगत होतीस ते तिने मला सगळं सांगितलं.

आता वसंतातच ये. पहिला नाबा तू तोडायचास. त्याआधी उगीच रजा घालवू नकोस, हिवाळ्यात इथे काय आहे.

दादा

•

हिता, ३ मार्च १९६३

प्रिय वहिनी,

तार आली तेव्हापासून आज तीन आठवडे. मी कचेरीत येते, खुर्चीवर बसते, पत्रकं वाटते. लोक विचारतात, मी सांगते: ओंडका सव्वातीन फुटांचा. माझ्या तोंडून दुसरं कुणी बोलतंय असं वाटतं.

अंत्ययात्रेत आपण दोघी पुढे होतो. तू ऐकलंस की नाही माहीत नाही. पेटी उचलताना पुढचा माणूस हळूच म्हणाला, "आत आहे ना कुणी?" आणि मागच्याने त्याला गप्प केलं. त्याआधी चेहऱ्यावरचं कापड मी सरळ करायला गेले, तर तू माझा हात धरलास. तरी मी पाहिलं. मनगट पाहिलं. ती चार दिवसांच्या न्यूमोनियाची हाडं नव्हती.

मी विचारलं, तू म्हणालीस न्यूमोनिया. मामांना विचारलं, ते म्हणाले न्यूमोनिया, आणि तुझ्याकडे बघितलं. सगळं घर मिळून एक शब्द पाठ करून बसलं होतं.

निबंधाला जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाला, हे तुला तेव्हा सांगितलं नाही. मे महिन्यात मेळाव्यात तो मला वाचायचा आहे. दादाने सांगितलेली दुरुस्ती मी केली नव्हती. मला वाटलं, विनय करतोय. शिवाय 'वहिनीने ओंडके वाहून नेले' असं केलं तर निबंधाचं नावच लागू पडत नव्हतं. वाक्य बिघडेल म्हणून मी ते तसंच ठेवलं.

वहिनी, मला काय ते सांग. मी त्याची बहीण आहे.

सुमिए

•

कुवाबारु, २ एप्रिल १९६३

सुमिए,

सोबतच्या पुडक्यात नाबा आहे. पंधरा मार्चला रात्रीचा पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी टेकडीचं पोट नुसतं फुललं. जाड टोपीचा, न उमललेला, वर पांढऱ्या भेगा, तुझ्या पुस्तकातल्या चित्रासारखा. मी चुलीच्या धगीवर वाळवला. पहिला तू तोडायचास असं तो म्हणाला होता. मी तुझी वाट बघणार होते, पण नाबा थांबत नाही, एका दिवसात उमलून पातळ होतो. तेव्हा मीच तोडला. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता तू विचारलंस ते.

तुझा दादा बोगद्यात गेला नाही ते नाबासाठी नव्हे. जाववत नव्हतं म्हणून. १९६० च्या लावणीला तो परत आला, तेव्हा बसपासून घरापर्यंतच्या चढावर चार वेळा बसला. मला वाटलं, थकलाय. भाताची रोपं उचलताना ओठ निळे पडायचे. शहरातल्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि म्हणाला, हा क्षय नाही, दगडाची धूळ आहे. बोगद्यात पाणी न मारता खडकात भोकं पाडायची, ती पांढरी धूळ वर्षानुवर्षं आत जाऊन बसलेली. टोळीतली माणसं ह्याला 'झोकांडी' म्हणतात. औषध नाही म्हणाला. जड काम करू नका, एवढंच.

त्यानंतर महिन्याने तुझं पहिलं पत्र आलं, नाबा लावा म्हणून. ते वाचून तो म्हणाला, "बघ, किती सोपं झालं. आता घरी का बसलोय ते कुणाला सांगायला नको." तुला सांगू नकोस म्हणून त्याने माझ्याकडून वचन घेतलं. तू कॉलेजात होतीस ती चार वर्षं तो मुख्य गिरमिटावर होता. सगळ्यात पुढचं काम, सगळ्यात जास्त धूळ, रोजंदारीही जास्त. म्हणाला, "तिला कळलं तर ती पदवी परत करायला जाईल. तिचं डोकं तसंच आहे."

गावाला सांगायचं नाही ते माझं म्हणणं होतं. क्षय नाही असं डॉक्टर म्हणतो, पण लोकांना खोकला तेवढा ऐकू येतो. खोकल्याच्या घरचा नाबा कोण विकत घेईल? ज्याच्या जिवावर दोन वर्षं काढायची तोच उकिरड्यावर जायचा. म्हणून मी म्हणायचे, साहेब झालाय, आळशी झालाय. म्हाताऱ्या त्याला टाकून बोलायच्या, तो हात हलवायचा.

ओंडके मी वाहिले. तू घट्टा पाहिलास तो त्याचाच. अडीच फुटांचं मी विचारलं होतं ते तेवढ्यासाठी. तुझं "चालणार नाही" आलं तेव्हा तो म्हणाला, "आखूड कर, तिला कळणार नाही." मी म्हटलं, ओंडके सुकले तर? दोघं रात्रभर वाद घालत बसलो. शेवटी मीच ऐकलं नाही. सुमिए, ते तू सांगितलंस ते बरोबरच होतं. ओंडके जगले. मला त्याचा राग नाही. फक्त एवढं झालं, की मी वर चढायचे तेव्हा तो बुंध्यावर बसून दुसरीकडे बघायचा. स्टेशनमास्तर, गाडी गेली बघ, म्हटलं तरी वळायचा नाही.

पितरांच्या सणाला तू आलीस तेव्हा तो घरातच होता. मागच्या कोठीत, तांदळाच्या पेट्यांमागे. तू ओट्यावर बसायचीस, मध्ये एक फळीची भिंत. उबळ आली की गोधडीचा बोळा तोंडात धरायचा. तू जेवणं सावकाश करतेस, त्यात बोलतेस. मी तुला जा-जा म्हणत होते ते ह्यासाठी. तू गेल्यावर बाहेर आला तर चेहरा काळा पडला होता आणि हसत होता. म्हणाला, "किती छान समजावते. साहेबलोक हिचं ऐकत असतील."

शेवटचं सांगण्यासारखं काही नाही. डिसेंबरपासून आडवं पडता येत नव्हतं, बसून झोपायचा. मी पाठीला पाठ लावून बसायचे. न्यूमोनिया शेवटी झालाच, तेवढं खोटं नाही.

त्याच्या टोळीत आपल्या गावचे आणखी पाच जण होते. त्यातला शिगेझो यंदा लवकर परतलाय, देवळाच्या पायऱ्यांवर आता दोनदा थांबतो. त्याची बायको परवा नळावर मला म्हणाली, "तुझ्या माणसाला नक्की काय झालं होतं गं?" मी म्हटलं, न्यूमोनिया. ती म्हणाली, "बरं झालं, मला भलतंच वाटत होतं." आणि आनंदाने बादली उचलून गेली.

तूही कुणाला सांगू नकोस. व्यापारी पुढच्या आठवड्यात नाबा बघायला येणार आहे.

किकुनो

•

हिता, १४ मे १९६३

प्रिय वहिनी,

सहा आठवडे पत्र लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि 'प्रिय वहिनी'पुढे काही यायचं नाही. अडीच फुटांना नाही म्हणणारी मी, ऊठ म्हणावं असं लिहिणारी मी, आणि तुम्ही ते मोठ्याने वाचलंत. क्षमा मागावी म्हटलं तर कुणाची मागू? तू रागावलेली नाहीस, आणि ज्याने रागवायचं तो हसला होता.

नाबा मी भिजत घातला. कचेरीतल्या बायका म्हणाल्या, असा वास आम्ही घेतला नाही. मला वास आला नाही. मी तो त्यांना वाटून टाकला.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मनातून जाईना. शिगेझोची बायको आनंदाने बादली उचलून गेली, ही. मी कचेरीतलं कपाट उघडलं. कपाट तीन वर्षं माझ्या खुर्चीमागे आहे, पत्रकं ठेवायला मी ते रोज उघडते. खालच्या कप्प्यात दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा होता. त्यात एक पुस्तिका आहे: दगडाच्या धुळीच्या आजारावर. १९६० सालीच कायदा झालाय. अशा कामगाराची तपासणी, औषधपाणी, धुळीच्या कामावरून बदली, सगळं मालकाकडून आणि सरकारकडून मागता येतं. दादा परत आला त्याच वर्षी. पुस्तिकेवर आमच्या कचेरीचा शिक्का आहे, आणि पोचल्याची सही माझी आहे. शेतीचं नाही म्हणून मी ती न वाचता खाली ठेवली असणार.

निबंध मी मागे घेतला. साहेबांना खरं कारण सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की तो बरोबर नाही, ओंडके दादाने वाहिले नव्हते. ते म्हणाले, "बाई, भाऊ घरी राहिला हे तर खरं ना?" मी म्हटलं, खरं आहे. ते म्हणाले, "मग ओंडके कुणी वाहिले ह्याने काय बिघडतं?" मला रडू आलं, आणि त्यांनी खिडकी उघडली. चांगले आहेत ते. मेळाव्यात माझ्याऐवजी मधमाश्यांचा निबंध वाचला गेला.

आता पुढचं. लावणीसाठी टोळी परत आली, हे मला माहीत होतं. गेल्या शनिवारी मी आपल्या बसने आले, पण घरी आले नाही. घाटाखालीच उतरले आणि पाचही घरं फिरले. तुला दिसू नये म्हणून नदीकाठच्या वाटेने गेले. चोरासारखी गेले, खरं आहे.

शिगेझोच्या घरी त्याच्या बायकोने चहा ठेवला. म्हणाली, "नाबाचं सांगायला आलात? आम्हालाही लावायचाय. आमचे हे हल्ली बाहेर जायला कुरकुर करतात, आळशी झालेत." मी म्हटलं, आळशी नाहीत. मग माझ्याच्याने थांबवेना. दादाचं सगळं सांगितलं. चढावर चार वेळा बसणं, निळे ओठ, झोकांडी. कोठीतली गोधडी नाही सांगितली, ती आपल्या घरातली. शिगेझो कोपऱ्यात जाळं विणत होता, हात थांबले. दादाचं नाव घेऊन म्हणाला, "तामेयोशीला झोकांडी होती? आम्हाला वाटलं, बहीण शिकली म्हणून माज आला." त्याची बायको माझ्यावर ओरडली, "तुमच्या घरची रोगराई आमच्या दारात कशाला आणता?" आणि मला बाहेर काढून दार लावून घेतलं. मी दाराबाहेरच्या जोड्यांपाशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने तिनेच दार उघडलं आणि विचारलं, "बस किती वाजता असते?"

सोमवारी सकाळी पाचांतले चार जण आणि मी शहरातल्या इस्पितळात गेलो. पाचवा आला नाही, म्हणाला मला काही झालेलं नाही, आणि ते सांगताना त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. शिगेझोची बायको बरोबर होती, सगळ्यांसाठी भाताचे गोळे बांधून आणले होते. वाटेत ती माझ्याशी बोलली नाही, पण गोळा मलाही दिला.

तिथे प्रत्येकाचा कागद भरायचा होता. चौघांचीही अक्षरं नीट नव्हती, म्हणून मी भरले. त्यात एक रकाना होता: बरोबर काम केलेल्यांपैकी कुणाला हा आजार झाला आहे काय? नाव, गाव, सध्याची प्रकृती.

कुणाला सांगू नकोस, असं तू म्हणाली होतीस. व्यापाऱ्याने नाबा पाहून तो घेईन असं आगाऊ सांगून ठेवलंय, हेही मला गावात कळलं. त्या कागदावर नाव गेलं, की चौकशीला माणसं येणार, आणि मग लपवण्यासारखं काही उरणार नाही. तो व्यापारी कदाचित येणार नाही. तू एकटीने वाहिलेले तीनशे ऐंशी ओंडके, त्यांचा पहिलाच नाबा. मी तुला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि ह्यावेळी मला तुझं ऐकावंच लागलं असतं. म्हणून विचारलं नाही.

चारही कागदांवर मी दादाचं नाव लिहिलं. गाव लिहिलं. प्रकृतीच्या जागी तो गेला ती तारीख लिहिली, आणि खाली बहीण म्हणून माझी सही केली. कागद खिडकीत दिले.

सुमिए